दाखवायचे दात, खायचे दात

नवी सायकल घेतली की पुण्यात तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. पहिली, "केवढ्याला पडली?" दुसरी, "एवढ्यात स्कूटर आली असती की!" हा प्रश्न नाही, निकाल आहे, आमच्याकडे निकाल आधी लागतो आणि सुनावणी सवडीने होते. तिसरी, "किती गीअरची?" इथे मात्र विचारणारा उत्तराची खरोखर वाट बघत असतो. 21 म्हटलं की "वा!", 27 म्हटलं की "अरे बापरे!" माझ्या सायकलीला 22 आहेत असं मी सोसायटीतल्या एका गृहस्थांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या सातवीतल्या नातवाच्या सायकलीला 21 होते. उभी हयात नोकरीत घालवून मी त्या पोराच्या एका गीअरने पुढे होतो.

हा 21 चा आकडा मात्र फक्त पाढ्यात खरा आहे. पुढे तीन चक्रं, मागे सात. सात त्रिक एकवीस. आता ती नातवाची सायकल उलटी करून दात मोजा. पुढे 42, 34 आणि 24. मागे 14 पासून 28 पर्यंत. पुढच्या 42 वरून चेन मागच्या 28 वर टाकली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड फेरा फिरतं. पुढच्या 24 वरून मागच्या 16 वर टाकली, तरी दीडच फेरा. म्हणजे कागदावर गीअर दोन, पायाला एकच. 42 ला 20 आणि 34 ला 16 यांतला फरक तर इतका बारीक, की तो फक्त दुकानदाराला जाणवतो. शिवाय पुढे सगळ्यात मोठं आणि मागेही सगळ्यात मोठं चक्र घेतलं की चेन तिरकी ताणली जाते आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी कुरकुर करते. अशी सगळी सोंगं वजा केली की 21 मधून हाती तेरा-चौदा उरतात. पण "माझ्या सायकलीला तेरा-चौदा गीअर आहेत" असं सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

वडिलांच्या पिढीला हे गणित चुटकीसरशी आलं असतं. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असं करत थेट औटकीपर्यंत पाठ होतं. गीअर म्हणजे तरी दुसरं काय? पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागायचं. सव्वा आलं की चढाचा, अडीच आलं की सपाटीचा, औट आलं की ज्याला घाई आहे त्याचा. गंमत अशी, की ज्या पिढीला औटकी येत होती तिच्या सायकलींना गीअर नव्हते, आणि ज्या पिढीला 22 गीअर मिळाले तिला दिडकी म्हणजे काय ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं.

तेव्हा सायकलीचे गीअर मोजू नयेत, दात मोजावेत. आमच्या पेठेतला जुना सायकलवाला ते कसे मोजतो, हे बघण्यासारखं आहे. तो एका दातावर खडूची रेघ मारतो, चक्रावर बोट ठेवतो आणि ओठ न हलवता दात मोजत चक्र फिरवतो. मध्ये कोणी पंक्चर काढायला आलं, तर त्याला नुसतं भुवईने थांबवतो. खडूची रेघ पुन्हा बोटाखाली आली की आकडा सांगतो. वैद्य नाडी सोडल्यावर जसा एकदम बोलत नाही, तसा हाही बोलत नाही. चक्राकडे बघतो, मग तुमच्या पोटाकडे बघतो आणि मगच मत देतो.

या दातांच्या दोन जाती आहेत. पुढचं मोठं चक्र आणि मागची इवलीशी चक्रं म्हणजे दाखवायचे दात. सायकल भिंतीला टेकवली की तेच दिसतात, फोटोत तेच चमकतात, आणि जाणकार माणूस त्यांवरून नजर फिरवून "हं, 53 आहे वाटतं" असं आदराने म्हणतो. पुढचं छोटं चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र हे खायचे दात. ते दिसायला ओबडधोबड असतात आणि त्यांचं कौतुक कोणी करत नाही. पण सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर सायकलस्वाराचं जे काही बरं-वाईट व्हायचं असतं, ते त्यांच्याच जिवावर. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक दाखवायचे दात बघून सायकल घेतात आणि खायची वेळ आली की उपास करतात.

आता थोडं मापात बोलू. रस्त्यावरच्या सायकलीच्या चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर असतो. पुढे 50 आणि मागे 11 दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते. पुढे 34 आणि मागेही 34 असतील तर नुसती 2.1 मीटर. हा सगळा खेळ एवढाच आहे, पण त्याविषयी एक गोड गैरसमज पसरलेला आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हा रथाची एक बैलजोडी त्या चढाला पुरत नाही. घाटाच्या पायथ्याशी जादा जोड्या जुंपतात. हलका गीअर म्हणजे अशी कुठूनतरी फुकट मिळालेली जादा बैलजोडी, असं पुष्कळांना वाटतं. म्हणून तर "गीअरची सायकल आहे, मग काय, आपोआप चढते" असं म्हणणारे भेटतात. आपोआप काही चढत नाही. बैल तोच, एकटाच, आणि पंचावन्नच्या पुढचा. गीअर त्याला मदतीला कोणी देत नाही; तो फक्त त्याचं पाऊल आखूड करतो, म्हणजे घाटाच्या मध्यात बैल बसून राहत नाही.

कोणत्या वाटेला पाऊल किती आखूड हवं, हाच काय तो प्रश्न. आणि प्रत्येक वाटेचं उत्तर वेगळं आहे.

पेठांतून हिंडायचं असेल तर वडिलांची काळी सायकल आजही कोणाला हार जाणार नाही. तिचे दात मी त्याच खडूच्या पद्धतीने मोजले आहेत: पुढे 44, मागे 18. म्हणजे अडीचकीच्या जरा आत. गीअर एकच, पण विचाराने निवडलेला. मागे कॅरिअरवर दळणाचा डबा, पुढे दांडीवर मी, अशा थाटात वडील लक्ष्मी रोडवरून सुटत, तेव्हा ना कुठे पाय अडखळे, ना कुठे पाय हवेत फिरत. दूधवाल्यांच्या सायकली दोन्ही बाजूंना भरल्या बरण्या घेऊन दारोदार थांबत आणि निघत, त्या याच मधल्या गीअरवर. या सायकलींना दुसरा गीअर नव्हताच असं मात्र म्हणता येणार नाही. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर तो दिसे. तो टाकायला खाली उतरावं लागे आणि सायकल हाताने ढकलावी लागे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. उलट उतरून चालता चालता ओळखीचं कोणी भेटलं तर गप्पा होत.

आज त्याच रस्त्यांवर 22 गीअरवाल्यांचे हाल बघवत नाहीत. कारण ज्याला आपण गीअर बदलणं म्हणतो, ते म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणं. आणि चेन फिरत असेल तरच ती ढकलली जाते. सिग्नलच्या आधी गीअर हलका करायचा राहिला, की दिवा हिरवा झाल्यावर गृहस्थ 50 ला 13 लावून मोठ्या वाहतुकीसमोर उभे. मागून रिक्षावाला संपूर्ण पुणेरी इतिहासाची उजळणी करतो. इंग्रजांनी यावर एक देखणा तोडगा काढला होता. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने विसाव्या शतकाच्या आरंभीच मागच्या चाकाच्या हबमध्ये तीन गीअर दडवले. मधला सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट आणि वरचा मधल्याहून एक तृतीयांशाने जास्त. बाहेरून काही दिसत नाही आणि सायकल उभी असतानाही गीअर बदलतो. शहरात हिंडायला तीन गीअर पुष्कळ झाले. पण दाखवायचे दातच नसल्यामुळे ही चीज आमच्याकडच्या मंडळींच्या मनात भरत नाही.

सिंहगडाची गोष्ट निराळी. रविवारी पहाटे अर्धं पुणं गडाच्या पायथ्याशी असतं आणि उरलेलं अर्धं कांदाभज्यांसाठी मोटारीने येणार असतं. पायथ्यापासून गाड्यांच्या तळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता आहे आणि तेवढ्यात माणूस साधारण 600 मीटर वर जातो. सरासरी सात टक्के चढ. सरासरी या शब्दावर कोणी विसंबू नये. मधे मधे रस्ता सरासरीची सगळी थकबाकी एकाच वळणावर वसूल करतो.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं तत्त्वज्ञान असं, की हलक्या गीअरची सवय वाईट. "आज 28 लावशील, उद्या 32 मागशील, परवा 34," असं तो मला बजावतो. ऐकणाऱ्याला वाटावं, मी व्यसनाधीन होत चाललो आहे. त्याच्या सायकलीला पुढे 53 आणि 39, मागे 11 ते 25. शर्यतवाल्यांचा जुना, खानदानी संच. माझ्या सायकलीला पुढे 50 आणि 34, मागे 11 ते 34. म्हणजे माझा सगळ्यात हलका गीअर एकास एक, त्याचा दिडकीच्या जरा वर. साडेआठ किलोमीटर धरले तर मला वर पोचेपर्यंत पायडलचे चार हजारांवर फेरे मारावे लागतात, त्याला 2600 पुरतात. आकडे ऐकून तो विजयी मुद्रेने म्हणतो, "बघ, माझी मेहनत कमी." पण मेहनत कमी-जास्त होत नाही. सायकलीसकट 92 किलोचा ऐवज 600 मीटर वर न्यायचा, हे काम दोघांनाही तेवढंच. डोंगर कोणाला सूट देत नाही. फरक हप्त्यांचा आहे. मी चार हजार छोट्या हप्त्यांत फेडतो, तो 2600 मोठ्या हप्त्यांत. त्याच्या प्रत्येक हप्त्याला दीडपटीहून जास्त जोर लागतो, आणि वसुलीला जे उभे असतात ते गुडघे.

वरच्या वळणांवर या मित्राला बघणं हा एक अनुभव आहे. तो बसलेला नसतो. पायडलवर उभा राहून तो सायकल डावीकडे टाकतो, मग उजवीकडे, आणि प्रत्येक फेऱ्याच्या माथ्यावर त्याचा पाय असा थबकतो, की आता हा खाली जाणार की नाही याची पैज लावावी. मी शेजारून ताशी साडेसात किलोमीटरच्या वेगाने टुकुटुकु जात असतो. हा वेग असा आहे की मोटारसायकलवरून जाणाऱ्या कुटुंबातली मागे बसलेली माउली आपल्याशी सविस्तर बोलू शकते. "काका, थांबून थांबून जा हो!" असं प्रेमाचं वाक्य ती पूर्ण विरामासकट म्हणून जाते. मित्राला असं कोणी काही म्हणत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून लोक मुलांची तोंडं दुसरीकडे वळवतात.

एक गोष्ट मात्र त्याची आणि माझी सारखी आहे, आणि ती गडावर येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याची आहे. सगळ्यात हलका गीअर कधीच पडलेला असतो. मागच्या मोठ्या चक्रावर चेन बसलेली आहे, हे मान वाकवून दोनदा बघून झालेलं असतं. तरी वळण आलं, रस्ता डोळ्यांसमोर उभा राहिला, की उजव्या हाताचं बोट हळूच लिव्हर आत ढकलतं. न जाणो, एखादा शिल्लक असेल! लिव्हर आत जाते, थोडी रेंगाळते आणि 'टक' न होता तशीच परत येते. त्या वेळी आपण इकडेतिकडे बघतो, कोणी पाहिलं तर नाही ना. देवावरचा विश्वास उडालेले लोक मी पाहिले आहेत, पण शेवटच्या गीअरच्या पलीकडे आणखी एक असेल हा विश्वास उडालेला सायकलवाला मी पाहिला नाही.

वर पोचल्यावर मडक्यातलं दही समोर येतं आणि मित्र जाहीर करतो, "काही अडत नाही 25 ने." अडत नाही हे खरंच. तो वर येतोच. फक्त पिठलं-भाकरीसाठी खाली मांडी घालायची वेळ आली की तो उभ्यानेच खातो.

सपाटीवर मात्र मित्राची बाजू उचलून धरावी लागेल, कारण तिथे तो बरोबर आहे. 200 किलोमीटरची ब्रेव्हे घ्या. ती साडेतेरा तासांत पुरी करायची असते. शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही. वेळेत आलात की झालं. म्हणजे ताशी पंधराच्या आतली सरासरी. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्या साडेतेरा तासांत चहा, पंक्चर, मिसळ, नियंत्रण-ठाण्यावरची सही आणि झाडाखाली घेतलेले आयुष्याविषयीचे निर्णय हे सगळं धरलेलं असतं. इथे चढ थोडा आणि रस्ता लांब. तासन्‌तास एकाच लयीत पाय फिरवायचे असतात, आणि वारा जरा इकडचा तिकडे झाला की ती लय मोडते. वाऱ्याला चढासारखी पाटी नसते. रस्ता सपाट दिसतो, पाय जड होतात आणि माणूस उगाच ब्रेक घासतोय का ते बघायला उतरतो.

अशा वेळी एका दाताचा फरक कळतो. मित्राच्या 11 ते 25 च्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्यात, 15, 16, 17 असे लागोपाठ दात आहेत. माझ्या 11 ते 34 मध्ये 15 नंतर एकदम 17. अकरा चक्रांतच 34 पर्यंत पोचायचं, तर मधल्या पायऱ्या उंच होणारच. त्यामुळे होतं असं, की 15 वर पाय जड पडतात आणि 17 वर नाचायला लागतात. मला हवा असतो तो 16, आणि तो असतो मित्राकडे. तो शेजारून मजेत शीळ घालत जातो. सिंहगडावर न बोललेली सगळी वाक्यं त्याला फलटणच्या सपाट रस्त्यावर सुचतात. खरं म्हणजे दोन कॅसेट ठेवाव्यात, एक घाटाची आणि एक सपाटीची, आणि आदल्या रात्री बदलाव्यात. हत्यार असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. पण आदल्या रात्री घरात मधोमध चाक उघडून बसलेला काळ्या हातांचा माणूस कोणत्या संसारात खपतो?

या दोन्हींहून वेगळं कोकण. घाटाचं कसं असतं, एकदा चढायला लागलो की चढतच राहायचं; मनाची तयारी होते. कोकणातला किनाऱ्याचा रस्ता तशी तयारी होऊ देत नाही. दापोलीकडून दाभोळला यायचं म्हणजे खाडीपर्यंत खाली उतरायचं. मग फेरीबोटीत सायकल चढवून धोपाव्याला जायचं. पाच-दहा मिनिटं गार वारा, पाणी, नारळी. माणसाला वाटतं, जन्माला आल्याचं सार्थक झालं. बोटीची फळी पलीकडच्या धक्क्यावर पडते आणि पहिल्या शंभर पावलांत चढ सुरू. जेवढं उतरलो तेवढं वर. वर पोचलो की पठार, कातळ, पुन्हा उतार, पुन्हा खाडी किंवा ओढा, पुन्हा चढ. दिवसाच्या अखेरीस आपण समुद्रसपाटीवरच असतो आणि पाय म्हणतात, आपण महाबळेश्वरला जाऊन आलो.

त्यात दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सामान. इथे एकास एकही पुरत नाही. पुढे 30 आणि मागे 34, म्हणजे पाऊणपट आणि थोडं वर, असा गीअर असावा. पायडलच्या एका फेऱ्याला दोन मीटरही पुढे जायचं नाही. याहून फार हलका घेऊन उपयोग नाही. वेग चालण्याइतका झाला की सायकल डुलायला लागते आणि मग वडिलांचा तो दुसरा गीअर बरा, खाली उतरण्याचा. आणि दाखवायच्या दातांचं कोकणात नावही काढू नये. उतार एवढे वळणाचे आणि वळणापलीकडे म्हैस असण्याची शक्यता एवढी मोठी, की उतारावर पायडल मारण्याचा विचार फक्त विमा काढलेल्यांनी करावा. तिथे दोन्ही हात ब्रेकवर आणि दोन्ही पाय देवाच्या नावावर.

कोकणात गीअर कोणता हवा याच्याइतकाच तो कधी टाकावा हा प्रश्न आहे. जांभ्याच्या गडग्यांमधून रस्ता वळतो आणि वळणामागे चढ लपलेला असतो. चढ दिसल्यावर गीअर बदलायला जावं, तर तोवर सगळा भार चेनवर आलेला असतो. मग 'कडकड' असा आवाज, चेन पडते आणि माणूसही. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे लाल एसटी. पुढे एसटी असेल तर कान तिकडे ठेवावा. ड्रायव्हर त्या रस्त्यावर रोजचा. वळणाच्या आधी इंजिनाचा सूर बदलला, गाडीने खालचा गीअर घेतला, की आपणही चेन मागच्या मोठ्या चक्रावर ढकलावी. वळण घेतल्यावर भिंतीसारखा चढ समोर येतो, तेव्हा आपण तयार. महामंडळाच्या तिकिटात ही सेवा धरलेली नाही, मी ती फुकट वापरत आलो आहे. आणि वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर ठरलेला प्रश्न येतो, "पुण्याहून सायकलीवर? का ओ, एस्टी बंद आहे काय?"

हलका गीअर घेणाऱ्याला कमी लेखण्याची ही रीत काही पुण्याने काढलेली नाही. ती थेट फ्रान्सच्या शर्यतीइतकी जुनी आहे. 'टूर द फ्रान्स'चा जनक आंरी देग्रांज स्वतः मोठा सायकलपटू. 1893 साली पॅरिसमध्ये एका तासात 35.325 किलोमीटर जाऊन त्याने तासाचा पहिला अधिकृत विक्रम केला. त्याचं मत असं, की बदलते गीअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. बाकीच्यांनी स्नायूंच्या बळावर जिंकावं. हे त्याने 1902 साली छापून आणलं. ज्या शर्यतीत लोक आल्प्स आणि पिरेनीज ओलांडत होते, तिच्यात डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्राला, मज्जाव. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रं असत. घाट लागला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून पुन्हा बसवायचं आणि मग चढायचं. माथ्यावर गेलं की पुन्हा तोच विधी. 1936 च्या शर्यतीत देग्रांजने आजारपणामुळे सूत्रं सोडली आणि 1937 पासून डिरेलरला परवानगी मिळाली. या माणसाविषयी लोक रागाने बोलतात. मला मात्र तो आपला वाटतो. त्याच्या नियमाप्रमाणे मी गेली कित्येक वर्षं पात्र आहे. एवढ्या मोठ्या माणसाने वयाचा दाखला बघून मला हलक्या गीअरची लेखी परवानगी दिलेली असताना ग्रुपमधल्या मित्राचं मी का ऐकावं?

आणि दाखवायच्या दातांबद्दल बोलायचं, तर सायकलपटू एडी मर्क्सचं उदाहरण पुरे. 1972 साली मेक्सिको सिटीत त्याने एका तासात 49.431 किलोमीटर अंतर तोडलं. त्याच्या सायकलीला पुढे 52 दात होते आणि मागे 14. औटकीच्या थोडंसं वर. आज माझ्या आणि माझ्या मित्राच्याच नव्हे, तर डेक्कनवर इडली खायला जाणाऱ्या कोणाच्याही सायकलीला मागे 11 दातांचं चक्र असतं. म्हणजे जगज्जेत्या मर्क्सपेक्षा जड गीअर आम्ही इडलीसाठी बाळगतो. 50 ला 11 लावून मिनिटाला 90 फेरे मारले तर ताशी एक्कावन्न किलोमीटर वेग होतो. मी या वेगाने फक्त कात्रजच्या उतारावर गेलो आहे, आणि त्या वेळी मी पायडल मारत नव्हतो, स्तोत्र म्हणत होतो.

तरी 34 दातांची कॅसेट मागायला मी दुकानात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या पोराचा चेहरा पडला. "काका, 34 लावली की सायकल टूरिंगची दिसेल." मी म्हटलं, "मला ती चढलेली दिसली तरी पुरे." मग त्याने खरी अडचण सांगितली. डिरेलरलाही पेलण्याची मर्यादा असते. पुढच्या दोन चक्रांतला फरक, 50 वजा 34, म्हणजे 16, मागच्या टोकांतला फरक, 34 वजा 11, म्हणजे 23, बेरीज 39. एवढी ढिली-ताणलेली चेन सावरायची तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. डिरेलर बदलायचा तर चेनही लांब हवी. चेन नवी घ्यायची तर... इथे मी त्याला थांबवलं. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या फरशा बदलायचं काम असंच एका नळापासून सुरू झालं होतं.

मी त्याला हेही ऐकवलं, की शिमानोने 2021 मध्ये काढलेल्या ड्युरा-एसच्या बारा चक्रांच्या संचातही 11 ते 34 ची कॅसेट आहे. हा त्यांचा सगळ्यात वरचा, व्यावसायिक शर्यतींचा माल. ज्यांची पोटं सपाट आहेत त्यांना 34 ची लाज वाटत नाही, मग माझ्या पोटाने का लाजावं? पोरगं म्हणालं, "काका, ते वेगळे." ते वेगळे आहेत हे मला मान्यच आहे. म्हणून तर माझ्या मते मला त्यांच्याहूनही मोठी कॅसेट हवी.

घरी बिल टेबलावर राहिलं. सौभाग्यवतींनी ते चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं. "अहो," त्या म्हणाल्या, "डावीकडची दाढ बसवून घ्या म्हणून दिवाळीपासून सांगतेय, ते महाग पडतं. आणि सायकलीला चौतीस बसवून आणलेत?" यावर उत्तर आहे, पण ते देण्याची वेळ आणि स्थळ मी जपून निवडणार आहे.

तेव्हा ज्यांना खरंच सायकल घ्यायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. दुकानात उभं राहून आपण कोणती सायकल चालवू शकू याचा विचार करू नका. त्या वेळी आपल्याला एसी लागलेला असतो, पोट भरलेलं असतं आणि समोर आरसा असतो. त्याऐवजी आपल्या वाटेवरचा सगळ्यात वाईट तास डोळ्यांसमोर आणा. पेठेत राहणाऱ्याला तो सिग्नलवर गाठतो, ब्रेव्हेवाल्याला दुपारच्या उलट्या वाऱ्यात, गडावर जाणाऱ्याला शेवटच्या वळणांत, कोकणात जाणाऱ्याला जेवणानंतर. त्या तासाला जे चक्र लागेल, ते आधी घ्या आणि बाकीचे दात त्याच्याभोवती बसवा. चांगल्या तासाची काळजी करायचं कारण नाही, तो कोणत्याही गीअरवर चांगलाच जातो. 11 दातांचं ते इवलंसं चक्र कॅसेटबरोबर येईलच. ते काढून टाकू नका. माझं अजून दुकानातून आणलं तसं कोरं करकरीत आहे, आणि सोसायटीत सायकल भिंतीला टेकवताना मी चेन मुद्दाम त्याच्यावर टाकून ठेवतो.